छापखान्यापासून उलटं मोजत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कागदावर टाक-शाईने कथाचित्रं काढायचा हात बसलेला आहे. आता एका दिवाळी अंकासाठी पाच-सहा काळी-पांढरी चित्रं आणि मुलांच्या एका पुस्तकाचं रंगीत मुखपृष्ठ कॉम्प्युटरवर करायचं आहे. घरात आठ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, सहा बाय चार इंचांचा पेन टॅब्लेट घ्यायचं मनात आहे आणि फोटोशॉपचं महिन्याचं भाडं भरायची इच्छा नाही. मग क्रिटा, गिंप, इंकस्केप, मायपेंट यांतलं सगळ्यात चांगलं कोणतं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. चित्र काढायला क्रिटा घ्या. अक्षरं असतील तर ती इंकस्केपमध्ये करा. गिंप एकाच कामासाठी ठेवा, ते काम पुढे येईल. मायपेंट आणि बाकीची सध्या सोडून द्या.

पण 'सगळ्यात चांगलं कोणतं' या प्रश्नात घोडं पेंड खातं, कारण चित्र कुठे जाणार हे त्यात कुठेच येत नाही. तीच रेघ फोनच्या पडद्यावर दिसायची असेल, मॅपलिथो (न चकाकणाऱ्या) कागदावर एका शाईत छापायची असेल किंवा दहा फुटी फ्लेक्सवर चढायची असेल, तर तिन्ही वेळा फाइल वेगळी लागते. म्हणून निवड शेवटापासून करायची. छापखान्याला काय हवं ते आधी ठरवायचं, त्यावरून फाइल कशी हवी ते कळतं आणि फाइलवरून सॉफ्टवेअर. तुमच्या बाबतीत शेवट दोन आहेत, एका शाईची रेघ आणि चार रंगांचं मुखपृष्ठ. माझं सगळं उत्तर या दोन शेवटांसाठी आहे. उद्या तुम्ही फक्त इन्स्टाग्रामसाठी चित्रं काढणार असाल, तर यातलं निम्मं विसरलात तरी चालेल.

फुकट आणि मुक्त

या दोन शब्दांत गल्लत होते आणि ती पुढे महागात पडते. क्रिटा, गिंप, इंकस्केप आणि पानांची मांडणी करणारं स्क्रायबस ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा सोर्स कोड खुला आहे, ती उद्या कुणी बंद करू शकत नाही आणि त्यांत काढलेलं चित्र पूर्णपणे तुमचं असतं. ते विकायला कुणाची परवानगी लागत नाही. नुसती फुकट असलेली सॉफ्टवेअर मालकाच्या मर्जीवर चालतात. ऑटोडेस्कने २०१८मध्ये स्केचबुक सगळ्यांना फुकट केलं. २०२१मध्ये ते वेगळ्या कंपनीकडे गेलं आणि विंडोजवरची आवृत्ती पुन्हा विकत घ्यायची झाली. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये कॅनव्हाने अ‍ॅफिनिटी फुकट केलं. सॉफ्टवेअर ताकदीचं आहे, पण त्याला कॅनव्हाचं खातं लागतं आणि हा फुकटपणा किती दिवस टिकेल हे तुमच्या हातात नाही. दहा वर्षांनी जुन्या मुखपृष्ठाची फाइल उघडावी लागेल असं वाटत असेल, तर ती मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेली बरी.

एक गंमत अशी की क्रिटा मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि स्टीमवर पैसे देऊन मिळतं, आणि त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तेच फुकट. स्टोअरमधले पैसे प्रकल्पाला मदत म्हणून जातात. जमेल तेव्हा द्या, पण पैसे भरले नाहीत तर काही सुविधा बंद राहतील अशी भीती बाळगू नका.

क्रिटाच का

गिंप हे मुळात फोटो आणि तयार प्रतिमा दुरुस्त करायचं साधन आहे. त्यात रंगवता येतं. २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीनंतर ते बरंच सुधारलंही आहे. तरी ब्रश, कॅनव्हास फिरवणं, रेघ स्थिर करणं या रोजच्या गोष्टी त्यात हाताशी नसतात. क्रिटा बांधलंच आहे चित्र काढणाऱ्या हातासाठी. पेनच्या बटणाला राइट क्लिक दिलं असेल तर ते दाबताच गोल पॅलेट उघडतं आणि ब्रश व रंग तिथेच मिळतात. शिफ्ट दाबून पेन ओढला की ब्रश लहान-मोठा होतो. कंट्रोल दाबून टेकवलं की त्या जागेचा रंग उचलला जातो. 'ई' दाबलं की हातातलाच ब्रश खोडरबर होतो, म्हणजे खोडलेल्या कडेचा पोतही तोच राहतो. 'एम' दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, आणि चेहऱ्याचा कललेला डोळा तिथे लगेच पकडला जातो. ४ आणि ६ या कळांनी कॅनव्हास फिरतो, ५ने सरळ होतो. कागद फिरवून रेघ ओढायची सवय असलेल्या माणसाला ही शेवटची सोय फार लवकर आपलीशी होते.

ब्रशांच्या यादीत शंभराहून जास्त नग दिसतील. तिकडे दुर्लक्ष करा. टाकाच्या हाताला तीन पुरतात: एकसारख्या बारीक रेघेसाठी 'इंक-२ फाइनलायनर', दाबाप्रमाणे जाड-बारीक होणाऱ्या रेघेसाठी 'इंक-३ जीपेन' आणि कोरड्या कुंचल्याच्या फाटक्या कडेसाठी 'इंक-७ ब्रश रफ'. हे तीन निवडून एका टॅगखाली ठेवा आणि बाकी सगळे नजरेआड करा. नवं ब्रशपॅक उतरवत बसणं हा चित्र न काढण्याचा सर्वांत लोकप्रिय मार्ग आहे.

नव्या टॅब्लेटवर पहिले काही दिवस रेघ थरथरते. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे असते म्हणून तसं होतं. ब्रश घेतल्यावर 'टूल ऑप्शन्स'मध्ये स्मूदिंगचे प्रकार दिसतील. 'वेटेड' निवडा आणि अंतर कमी ठेवा. 'स्टॅबिलायझर' निवडलात तर रेघ गुळगुळीत येईल, पण ती हाताच्या मागून रेंगाळत येते आणि टाकाची चपळाई मरते. लांब वळणदार रेघेपुरतं ते वापरा. केस, गवत, कपड्याच्या सुरकुत्या यांना लावू नका.

पहिली फाइल, एका शाईची

दिवाळी अंकाच्या आतल्या पानांत चित्र बहुधा एकाच काळ्या शाईत छापलं जातं. इथे जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची चूक एकच असते. तो ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) करड्या छटांचं चित्र देतो आणि छापून आल्यावर विचारतो, रेघेच्या कडा दातेरी का दिसतात? कारण सरळ आहे. पडद्यावर रेघेची कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर तिच्या भोवती करडे पिक्सेल ठेवतं. छापखान्याकडे करडी शाई नसते. त्यामुळे ती करडी कड बारीक ठिपक्यांच्या जाळीत मोडली जाते आणि डौलदार रेघ खरबरीत होते.

यावर उपाय म्हणजे नुसत्या रेघेचं चित्र ६०० डीपीआयवर काढायचं आणि देताना शुद्ध काळं-पांढरं करायचं, एकही करडा पिक्सेल ठेवायचा नाही. समजा पान डेमी आकाराचं, साडेपाच बाय साडेआठ इंच आहे. क्रिटात नवं डॉक्युमेंट घेताना लांबी-रुंदी इंचात द्या, रिझोल्यूशन ६००, कलर मॉडेल ग्रेस्केल, खोली ८ बिट. ही फाइल ३३०० बाय ५१०० पिक्सेलची होते, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल. ग्रेस्केलमध्ये प्रत्येक पिक्सेलला पारदर्शकतेसह दोन बाइट लागतात, म्हणून भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण ३४ एमबीचा. तेच आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) घेतलंत तर ६७ एमबी. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हा फरक हाताला जाणवतो.

चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त घ्या, म्हणजे १४५.७ बाय २२१.९ मिलिमीटर. कटिंगला कागद केसभर सरकतोच, आणि ही जादाची पट्टी नसेल तर कडेला पांढरी फट येते.

रेघ किती बारीक चालेल? छापलेल्या मापात अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक जाऊ नका. ६०० डीपीआयवर अर्धा पॉइंट म्हणजे जवळजवळ चार पिक्सेल. पडद्यावर चित्र मोठं करून काढताना दोन पिक्सेलची रेघही ठसठशीत वाटते आणि छपाईत नाहीशी होते. म्हणून अधूनमधून चित्र छापील आकारात पाहा. त्याहून बरं म्हणजे साध्या लेझर प्रिंटरवर मूळ आकारात एक प्रत काढा. मोठं करून पाहायच्या सवयीवर हाच जालीम उतारा आहे.

आता गिंपचं ते एक काम. क्रिटातून सगळे लेयर सपाट करून ग्रेस्केल टिफ (छपाईला देतात तो चित्राच्या फाइलचा प्रकार) काढा आणि गिंपमध्ये उघडा. 'कलर्स'मधून 'थ्रेशोल्ड' लावा. निवडलेल्या आकड्यापेक्षा गडद ते सगळं त्याने काळं होतं आणि बाकीचं पांढरं; मधल्या किमतीपासून सुरुवात करा, बारीक रेघा तुटायला लागल्या की आकडा थोडा वाढवा आणि किती भाग काळा होतो ते दोन्ही दिशांनी फिरवून नीट पाहा. मग 'इमेज', 'मोड', 'इंडेक्स्ड'मध्ये जाऊन एक बिटचं काळं-पांढरं पॅलेट निवडा आणि डिदरिंग (ठिपके पेरून करड्याचा भास करणं) बंद ठेवा. ते चालू राहिलं तर चित्रभर मुंग्यांसारखे ठिपके येतात. शेवटी टिफ म्हणून एक्स्पोर्ट करताना 'सीसीआयटीटी ग्रुप ४' कॉम्प्रेशन घ्या. एका बिटची ती अख्ख्या पानाची फाइल कॉम्प्रेशनशिवायही दोन एमबीच्या आसपास असते, त्यामुळे ६००चा आकडा ऐकून 'फाइल फार जड होईल' म्हणणाऱ्याला काळजीचं कारण उरत नाही.

करड्या छटा हव्याच असतील, उदाहरणार्थ पावसाळी आभाळ किंवा शाईचा वॉश, तर मात्र ग्रेस्केलच द्या. पण मॅपलिथोसारखा न चकाकणारा कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो, हे धरून चाला. पडद्यावरचा ५० टक्के करडा कागदावर ७०च्या आसपास दिसू शकतो. म्हणून मधल्या छटा मुद्दाम फिक्या ठेवा आणि दोन शेजारच्या छटांत अंतर जास्त राखा. हातात चांगली टाकाची रेघ असेल तर माझं मत विचाराल तर छटा टाळा, आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीने काम भागवा. स्वस्त कागदावर तीच टिकते.

कागदावरच काढून पुढे नेणार असाल तर

हाही मार्ग खुला आहे आणि तुमच्यासाठी कदाचित तोच बरा. शाईचं काम कागदावर करा, रंग कॉम्प्युटरवर. टॅब्लेटला हात सरावेपर्यंत काम अडत नाही. ६०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. स्कॅनरचं 'ऑटो एन्हान्स' जे काही असेल ते बंद ठेवा, कारण ते बारीक रेघा आधीच खाऊन टाकतं. फोनने काढलेला फोटो रंगसंगती ठरवायला चालेल, छापायला नाही. त्यात कडेच्या रेघा वाकतात आणि एका बाजूला सावली येते.

क्रिटात स्कॅन उघडून 'लेव्हल्स' फिल्टरने कागद पांढरा आणि शाई काळी करा. मग 'कलर टू अल्फा' फिल्टरमध्ये पांढरा रंग द्या. कागद पारदर्शक होतो आणि नुसती शाई उरते. हा लेयर सगळ्यांत वर ठेवून कुलूप लावा, रंग खालच्या लेयरवर भरा. मोठे सपाट भाग भरायला 'कलराइज मास्क' वापरून पाहा. रेघेच्या लेयरवर तो मास्क लावायचा, प्रत्येक भागात हव्या त्या रंगाचा एक फराटा मारायचा, पार्श्वभूमीलाही एक रंग देऊन तो पारदर्शक म्हणून नोंदवायचा आणि अपडेट करायचं. रेघेत छोटी फट असली तरी रंग सहसा बाहेर सांडत नाही. मात्र ६०० डीपीआयच्या फाइलवर हे फार हळू चालतं. रंगकामाची फाइल ३००वर आणून मग लावा.

दुसरी फाइल, चार रंगांची

मुखपृष्ठाला ३०० डीपीआय पुरतात. ए-४ आकार धरला तर २४८० बाय ३५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल, आणि आरजीबी ८ बिटमध्ये भरलेला एक लेयर ३५ एमबीचा. वीस लेयर पूर्ण भरले तरी ७०० एमबी होतात, आणि प्रत्यक्षात कमीच, कारण रिकाम्या भागाला क्रिटा जागा देत नाही. तुमच्या लॅपटॉपला हे झेपेल. १६ बिट निवडलंत तर आकडा दुप्पट होतो, आणि या कामात त्याचा दिसण्यासारखा फायदा नाही. अनडूच्या पायऱ्या पन्नासवर आणा, ब्राउझर बंद ठेवा, ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावा.

क्रिटा थेट सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या हिशेबात, रंगवू देतं. फुकटच्या दुनियेत ही मोठी गोष्ट आहे. तरी सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये काम करू नका. मल्टिप्लायसारखे ब्लेंडिंग मोड (एक लेयर खालच्यात मिसळायच्या पद्धती) आणि काही फिल्टर तिथे अपेक्षेपेक्षा वेगळे वागतात. आरजीबीत रंगवा आणि छपाईतलं रूप डोळ्यांसमोर ठेवा. त्यासाठी छापखान्याकडून रंगांचं प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागा. त्यांनी दिलं नाही तर युरोपात ऑफसेटसाठी प्रचलित असलेलं आणि फुकट मिळणारं 'फोग्रा ३९'वर आधारलेलं प्रोफाइल चकचकीत कागदाचा अंदाज घ्यायला चालेल. ते क्रिटात बसवा, 'इमेज प्रॉपर्टीज'मधल्या सॉफ्टप्रूफिंगमध्ये निवडा आणि कंट्रोल-वाय दाबा. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की छपाईत न येणारे रंग वेगळे दिसतात. पहिल्यांदा पाहून मन खट्टू होईल. पोपटी हिरवा, झळझळीत निळा आणि जांभळा हे सगळ्यांत आधी मान टाकतात. पिवळा मात्र तग धरतो, त्यामुळे झेंडूची फुलं वाचतात आणि पैठणीचा निळा मार खातो. रंगसंगती ठरवतानाच हे कळलं तर दुसरा निळा शोधायला वेळ असतो.

आता काळ्या रेघेचा घोळ. आरजीबीतला शुद्ध काळा सीएमवायकेत बदलला की तो चारही शाया मिळून बनतो, त्यांची बेरीज ३०० टक्क्यांच्या आसपास जाते. मोठ्या काळ्या भागाला हे शोभतं. पण बारीक रेघ चार वेळा एकावर एक छापली जाताना एक जरी शाई जराशी सरकली, तर रेघेला गुलाबी किंवा निळसर पदर सुटतो. न चकाकणाऱ्या कागदावर एवढी शाई वाळतही नाही, समोरच्या पानाला लागते.

म्हणून रेघ शेवटपर्यंत वेगळ्या लेयरवर ठेवा. पूर्ण चित्राची एक प्रत करा, 'इमेज'मधल्या 'कन्व्हर्ट इमेज कलर स्पेस'ने ती प्रत सीएमवायकेत आणा. मग रेघेच्या लेयरला अल्फा लॉक लावा (म्हणजे आधी रंगलेल्या जागेवरच नवा रंग बसतो), 'स्पेसिफिक कलर सिलेक्टर'मध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा शून्य करून काळा १०० द्या आणि मोठ्या कडक ब्रशने सगळा लेयर झाकून टाका. रेघा फक्त काळ्या शाईच्या होतात. या लेयरचा ब्लेंडिंग मोड नॉर्मलच हवा. सपाट करा आणि टिफ म्हणून द्या. पीएनजीमध्ये सीएमवायके राहतच नाही, त्यामुळे ते देऊन छापखान्याशी भांडू नका. या पद्धतीत रेघेखालचा रंग कापला जातो. शाई सरकली तर पांढरी फट दिसण्याचा थोडा धोका उरतो. रेघ रंगावर चढवून छापायची, म्हणजे ओव्हरप्रिंट हवं असेल, तर रेघेची एक बिटची फाइल आणि रंगाची फाइल अशा दोन द्या आणि डीटीपी करणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. त्याच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे ती.

अक्षरं चित्रात मिसळू नका

पुस्तकाचं नाव क्रिटात टाकायचा मोह होईल. क्रिटाच्या ५.२ आवृत्तीत अक्षरजुळणीची यंत्रणा नव्याने बांधली आहे, जोडाक्षरंही जुळतात. तरी नको. एक तर ३०० डीपीआयवर अक्षरांची कड मऊ पडते. दुसरं म्हणजे शेवटच्या दिवशी प्रकाशक ऱ्हस्व-दीर्घ बदलून मागतोच, आणि तेव्हा सपाट झालेल्या चित्रातून वेलांटी काढणं नशिबी येतं.

नाव इंकस्केपमध्ये, युनिकोड फॉन्टमध्ये लिहा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे खुल्या परवान्याचे आहेत, ते छापील पुस्तकाला बिनदिक्कत चालतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टायरो देवनागरीची मराठी आवृत्ती घ्या, तिच्यात ती वळणं मुळातच आहेत. कोणताही फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात 'तऱ्हा, दऱ्या, कर्तृत्व, हृदय, लक्ष्मी, राष्ट्र, श्रद्धा' एवढे शब्द लिहून पाहा. अर्धा र मोडत असेल किंवा द्ध सुटा पडत असेल तर तो फॉन्ट कितीही देखणा असला तरी सोडा.

छापखान्यातला माणूस बहुतेक वेळा कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर काम करतो आणि 'सीडीआर द्या' म्हणतो. इंकस्केपला सीडीआर लिहिता येत नाही. त्याला पीडीएफ द्या. ते काढताना मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलायचा पर्याय निवडा, म्हणजे त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षरं हलत नाहीत. तो याला 'कर्व्ह केलं का?' असं विचारेल. तुमच्याकडची एसव्हीजी (इंकस्केपची मूळ फाइल) तशीच जिवंत मजकुराची राहू द्या. एक खोच लक्षात ठेवा: इंकस्केपची पीडीएफ आरजीबी असते, त्यामुळे अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईत करून घ्यायला त्यालाच सांगा. संपूर्ण मांडणी तुमच्याकडेच असेल तर स्क्रायबस लागेल, तिथे सीएमवायके पीडीएफ नीट निघते. पण १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. जुन्या १.४मध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात.

इंकस्केपमध्येच चित्रही काढावं का? बोधचिन्ह, स्टिकर, रांगोळीसारखी पुन्हापुन्हा येणारी आकृती, कटिंग प्लॉटरवर जाणारं काम यांना तेच योग्य, कारण कितीही मोठं केलं तरी कड फुटत नाही. टाकाच्या रेघेला ते जड जातं. दाबानुसार बदलणारी रेघ तिथे मिळते, पण प्रत्येक रेघ हे बिंदूंनी बांधलेलं एक स्वतंत्र प्रकरण असतं. हजारभर रेघांचं पिंपळाचं झाड काढायला गेलात तर लॅपटॉप आधी थकेल.

टॅब्लेट आल्यावर काय बिघडतं

६ बाय ४ इंच पुरेल. ८१९२ दाबपातळ्यांच्या जाहिरातीला भुलू नका, २०४८ असल्या तरी हाताला फरक कळत नाही. मात्र पहिल्याच दिवशी ड्रायव्हरमध्ये टॅब्लेटचं क्षेत्र पडद्याच्या प्रमाणात बसवा. तुमचा पडदा १६ : ९ आहे आणि टॅब्लेट ३ : २. तसंच ठेवलंत तर काढलेलं वर्तुळ पडद्यावर लंबगोल येतं आणि दोष हाताला दिला जातो. सहा इंच रुंदीला उंची ३.३७५ इंच ठेवली की प्रमाण जुळतं. उरलेली पट्टी रिकामी राहू द्या.

दाब चालत नसेल तर आधी पाहायचं की जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर शिल्लक आहे का. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. जुना काढून लॅपटॉप पुन्हा चालू करा. तरीही नाही जमलं तर क्रिटाच्या 'टॅब्लेट सेटिंग्ज'मध्ये विनटॅब आणि विंडोज इंक यांपैकी जो निवडलेला नाही तो निवडा आणि क्रिटा बंद करून उघडा. तिथलाच टॅब्लेट टेस्टर दाब येतो की नाही ते दाखवतो. पेन टेकवल्यावर भोवती गोल लाट उमटत असेल आणि रेघ उशिरा सुरू होत असेल, तर तो विंडोजचा 'दाबून धरा म्हणजे राइट क्लिक' हा आगाऊपणा आहे. पेनच्या सेटिंग्जमध्ये तो बंद होतो.

रेघ अडखळते तेव्हा बहुधा ब्रश जबाबदार असतो. रंग कालवणारे ब्रश हजार पिक्सेलच्या आकारात कोणत्याही साध्या मशीनला घाम फोडतात. शाईचे ब्रशही अडखळत असतील तर 'डिस्प्ले'मधलं कॅनव्हास अ‍ॅक्सलरेशन ओपनजीएलवरून डायरेक्ट थ्रीडीवर, किंवा उलट, नेऊन पाहा.

आणि फाइल नेहमी क्रिटाच्या स्वतःच्या केआरए प्रकारातच ठेवा. कंट्रोल-अल्ट-एस दाबलं की पुढच्या क्रमांकाची नवी प्रत तयार होते. दिवसातून दोनदा ती कळ दाबा. संपादकाने पीएसडी (फोटोशॉपची फाइल) मागितली तर क्रिटा ती काढून देतं, पण लेयर साधे ठेवा. मास्क आणि इफेक्ट फोटोशॉपमध्ये जसेच्या तसे उघडतील याची खात्री धरू नका.

टॅब्लेट विकत घ्यायच्या आधी संपादकाला फोन करून एवढं विचारा: चित्राचा छापील आकार किती, कडेपर्यंत जातं का, एक रंग की चार, कागद कोणता, फाइल कोणत्या प्रकारात हवी. बहुतेकदा उत्तर येईल, 'जेपीईजी व्हॉट्सअ‍ॅप करा.' करा, पण फोटो म्हणून नको, तो पाठवताना लहान केला जातो आणि ६०० डीपीआयची सगळी मेहनत त्यात जाते. टिफ फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, आणि नावात पान क्रमांक व चित्राचा आकार घाला.